गप्पी: व्हेनेझुएलाच्या ओढ्यातून बुलढाण्याच्या हौदात

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आज समोर आशाताई आहेत, आरोग्य सेवक आहेत, कॉलेजची मुलं आहेत आणि घरी काचेच्या पेटीत मासे पाळणारे तीन-चार हौशी लोकही दिसतायत. अशी मिसळ क्वचितच जमते, म्हणून आधीच आभार मानतो.

आत येताना दारात एका आजोबांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, हे मासे गप्पा मारतात म्हणून त्यांना गप्पी म्हणतात का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या भाषेत हे नाव इतकं चपखल बसलंय की ते बाहेरून आलंय असं कुणाला वाटतच नाही. पावसाळा आला की ग्रामपंचायतीच्या फलकावर 'गप्पी मासे सोडा, डेंग्यू टाळा' असं लिहिलेलं असतं. प्लास्टिकच्या बादलीत मासे येतात, हौदात सोडले जातात, फोटो निघतो आणि विषय संपतो. पण हा मासा आहे कुठला? त्याला हे नाव कुणी दिलं? तो आपल्याकडे आला कसा? आणि बादलीत जो मासा आहे तो खरोखर गप्पीच आहे, हे आपण कशावरून म्हणतो? आज मी या प्रश्नांचा इतिहास सांगणार आहे. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तिथवर पोचायला दीडशे वर्षांचा वळसा घ्यावा लागेल.

एक मासा, तीन नावं

गोष्ट सुरू होते दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला. व्हेनेझुएला, गयाना, उत्तर ब्राझील आणि समोरचं त्रिनिदाद बेट, हा गप्पीचा मूळ मुलूख. तिथल्या ओढ्यांत, डबक्यांत, शहराच्या गटारांतसुद्धा हा मासा असतो. नर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, अंगावर रंगीत ठिपके. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट, पण राखाडी, बिनरंगाची. शेजारी शेजारी ठेवले तर हे नवरा-बायको आहेत असं कुणी म्हणणार नाही.

1859 साली बर्लिनच्या संग्रहालयातल्या विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं पोईसिलिया रेटिक्युलाटा. दोनच वर्षांनी, 1861 मध्ये, इटलीतले फिलिप्पो दे फिलिप्पी यांच्याकडे बार्बाडोस बेटावरून मासे आले. त्यांना तो नवा मासा वाटला. त्यांनी त्याला लेबिस्टेस पोईसिलिऑयडेस म्हटलं. पुढे 1866 मध्ये लंडनला त्रिनिदादहून बाटली पोचली. ब्रिटिश संग्रहालयातले आल्बर्ट ग्युंथर यांनाही तो नवाच वाटला. त्यांनी नमुने पाठवणाऱ्याच्या सन्मानार्थ नाव ठेवलं गिरार्डिनस गप्पी.

म्हणजे सात वर्षांत एकाच माशाची तीन बारशी झाली, तीही तीन वेगवेगळ्या देशांत. हे सगळे आपापल्या काळातले मोठे विद्वान होते. मग असं का व्हावं? एक तर नर आणि मादी दिसायला वेगळे. दुसरं, त्या काळी मासे स्पिरिटच्या बाटलीतून जहाजाने यायचे आणि स्पिरिटमध्ये रंग उडून जातो. जिवंत माशाची ओळख ज्या ठिपक्यांवरून पटते तेच पुसलेले. तिसरं, बाटलीत हाताला लागतील तेवढेच मासे. ते कुठल्या पाण्यातले, सोबत आणखी कोणते मासे होते, हे पाठवणाऱ्याने लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर काही नाही.

1913 मध्ये लंडनच्याच चार्ल्स टेट रेगन यांनी या जातकुळीची नीट मांडणी केली आणि नाव लेबिस्टेस रेटिक्युलाटस असं झालं. पन्नास वर्षांनी, 1963 मध्ये, रोझेन आणि बेली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी सगळ्या कुळाची फेरतपासणी करून पीटर्स यांचं पहिलं नाव पुन्हा लावलं. एकशे चार वर्षं फिरून मासा मूळ नावावर आला.

आणि 'गप्पी'? ग्युंथर यांचं शास्त्रीय नाव रद्द झालं, पण लोकांच्या तोंडी तेच राहिलं. रॉबर्ट जॉन लेच्मियर गप्पी हे लंडनमध्ये जन्मलेले, तरुणपणी न्यूझीलंडपर्यंत भटकून आलेले आणि मग त्रिनिदादमध्ये स्थिरावलेले गृहस्थ. नोकरी काय, तर शाळा तपासनीस. जीवाश्म आणि शिंपले गोळा करण्याचा नाद. मासे हा त्यांचा खास विषयसुद्धा नव्हता. आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: मासे गप्पा मारत नाहीत. एका शाळा तपासनीसाने ओढ्यातला मासा बाटलीत भरून पाठवला, त्याचं आडनाव आज सिंदखेडराजाच्या पोरांच्या तोंडी आहे.

आपल्याकडे याच्या आधीच उलट प्रकार घडला होता, तोही सांगतो. कर्नल विल्यम सायक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले आणि 1839 पासून त्यांची वर्णनं छापली. त्याने कोळ्यांना नावं विचारली आणि तीच लॅटिनमध्ये घातली. नुक्ता, कोलुस, बोगुट ही आपली बोलीतली नावं आजही जगभरच्या शास्त्रीय यादीत आहेत. आपल्या माशांची नावं लॅटिनमध्ये गेली आणि त्रिनिदादच्या माशाचं नाव मराठीत आलं. पण आपल्या माशांची नावं आज आपल्याला किती येतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

पाणी कुणाचं, मासा कुणाचा

आता थोडं वळण घेतो. दक्षिण अमेरिकेतून मत्स्यालयांत आलेला गप्पी हा एकटा मासा नाही. हौशी लोकांचा लाडका निऑन टेट्रा तिथलाच. 1930 च्या दशकात ओग्युस्त राबो नावाच्या फ्रेंच संग्राहकाला तो ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात सापडला. 1936 मध्ये जॉर्ज मायर्स यांनी त्याला फिलाडेल्फियाचे मत्स्यालय-लेखक विल्यम इनेस यांचं नाव दिलं. त्याचा भाऊ शोभावा असा कार्डिनल टेट्रा. त्याची तर 1956 च्या फेब्रुवारीत शर्यतच लागली. लेनर्ड शुल्ट्झ यांचं वर्णन आणि मायर्स-वाइट्झमन यांचं वर्णन एका दिवसाच्या अंतराने छापून आलं. शेवटी प्रकरण प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेलं आणि आदल्या दिवसाचं नाव टिकलं.

कॉलेजात असताना मी मुंबईला गेलो होतो. मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं आणि डोकं फिरलं. क्रॉफर्ड मार्केटातून सहा निऑन घेतले, हवा भरलेल्या पिशवीत, मांडीवर ठेवून रात्रभर प्रवास करत घरी आणले. आमच्या विहिरीचं पाणी भरलं. आठवड्यात सहाही मेले. पुढच्या खेपेला पुन्हा सहा आणले, पुन्हा तेच. दुकानदाराचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, मी माशाचं नाव विचारलं, पण त्याचं पाणी विचारलं नाही.

निऑन आणि कार्डिनल ज्या पाण्यातले, ते पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं मृदू, जंगलाच्या कुजक्या पाल्यामुळे चहासारखं तांबूस आणि आम्लधर्मी. आपल्या घाटावरचं पाणी काळ्या बसाल्ट खडकातून येतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. साबणाला फेस येत नाही आणि बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. अशा पाण्यात निऑन कसाबसा तगला, तरी अंडी घालून पिल्लं निघणं अवघड. त्याची अंडी उजेडसुद्धा सहन करत नाहीत.

गप्पीचं उलटं आहे. त्याला जड, अल्कधर्मी पाणी मानवतं. तो समुद्रकाठच्या मचूळ पाण्यातही राहतो. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. घाटावर बसाल्ट. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला पूर्णेचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दोन्हीकडे गप्पी मजेत राहू शकतो. त्याच्या मूळ देशात आणि आपल्या जिल्ह्यात हजारो मैलांचं अंतर आहे, पण पाण्याचा स्वभाव जुळतो. निऑन काचेच्या पेटीत अडकून राहिला आणि गप्पी हौदात आला, त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे डास.

डासांच्या मागे मासा

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. त्या दिवसापासून जगभर डासांचं पाणी शोधणं सुरू झालं. त्याच सुमारास वेस्ट इंडीजमध्ये एक गोष्ट चर्चेत आली. बार्बाडोसमध्ये मलेरिया का नाही? कुणीतरी बोट दाखवलं तिथल्या डबक्यांत खच्चून भरलेल्या छोट्या माशाकडे. तिथे त्याला 'मिलियन्स' म्हणत. मिलियन्स म्हणजे दुसरा कुणी नाही, आपला गप्पी. मग साम्राज्यातल्या निरनिराळ्या वसाहतींकडे गप्पी रवाना होऊ लागला. 1910 च्या सुमारास तो भारतात आला.

मुंबईत त्या वेळी काय चाललं होतं तेही बघू. सी. ए. बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियाची चौकशी केली आणि 1911 मध्ये अहवाल दिला. दोष दलदलीचा नाही, घराघरांतल्या विहिरींचा आणि टाक्यांचा आहे, असं त्यात होतं. स्वच्छ, साठवलेल्या, रोज वापरातल्या पाण्यात डास वाढतोय. विहिरी झाका, बुजवा म्हटल्यावर लोक नाराज झाले. विहिरीशी श्रद्धा जोडलेली होती, रोजची गरज जोडलेली होती. पाणी तसंच ठेवून त्यात अळ्या खाणारा मासा सोडायचा, ही कल्पना अशा ठिकाणी लोकांना पटते. शंभर वर्षांनी आपणही तीच सोय शोधतो.

1928 मध्ये इटलीमार्गे दुसरा परदेशी मासा भारतात आला, गॅम्बुशिया. तो उत्तर अमेरिकेचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग डीडीटीचा काळ आला. 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम, 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम. घराच्या भिंतींवर फवारणी झाली आणि रुग्ण इतके कमी झाले की मासे लोक विसरले. पण डास डीडीटीला सरावले, फवारणी ढिली पडली आणि 1976 मध्ये देशात 64 लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. तेव्हा पुन्हा जुन्या फायली उघडल्या आणि त्यातून मासा बाहेर आला. आज हिवताप विभागाकडे 'गप्पी मासे पैदास केंद्र' हा शब्द रुळलाय, त्याची मुळं अशी दूरवर आहेत.

हौद, रांजण आणि डेंग्यू

आता दुखणं बदललंय. मलेरियापेक्षा डेंग्यूची भीती जास्त. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, गटारात वाढत नाही. त्याला घरातलं स्वच्छ साठवण पाणी लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो ते मी तुम्हाला सांगायला नको. नळ आला की माणूस ड्रम भरतो, रांजण भरतो, टाकं भरतो, न्हाणीघरातला हौद भरतो. त्यातलं जुनं पाणी टाकून द्यायला कुणाचं मन होत नाही. आणि या डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे टंचाई जितकी मोठी, तितकं साठवण जास्त, तितका डास जास्त. दुष्काळी गावात डेंग्यू का, याचं हे उत्तर आहे.

आरोग्य खातं सांगतं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. बरोबर सांगतं. भांडी रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा. पण गुरांचा हौद आठवड्याला रिकामा करता येतो का? बांधकामाचं टाकं? पडकी विहीर? जिथे पाणी ओतून टाकता येत नाही आणि झाकताही येत नाही, तिथे गप्पीची जागा आहे. जिथे झाकण बसतं, तिथे झाकण माशापेक्षा चांगलं. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत मे महिन्यात मासा सोडणं म्हणजे त्याला उकडायला ठेवणं.

पैदास: सोपी वाटते तितकी नाही

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. साधारण चार आठवड्यांनी मादी विते. लहान मादी पाच-दहा पिल्लं देते, मोठी असेल तर कित्येक डझन. एकदा नराशी संबंध आला की मादी शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते आणि नर नसतानाही पुन्हा पुन्हा विते. म्हणूनच एक गाभण मादी नव्या पाण्यात गेली की अख्खी वसाहत उभी राहू शकते.

पण आईबापच पिल्लं खातात. म्हणून केंद्राच्या टाकीत हायड्रिलासारखी पाणवनस्पती हवी, पिल्लांना लपायला. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. ब्लीचिंग टाकलेलं ताजं पाणी घालू नये, दोन दिवस उघडं ठेवावं. दुकानातून लांब शेपटीचे शोभेचे गप्पी आणून हौदात सोडू नयेत. त्या शेपट्या माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून वाढवल्यात, अळीमागे धावायला त्या कामाच्या नाहीत. आणि अळ्या खायचं काम मुख्यतः मादी करते. ती मोठी, तिची भूक मोठी. तेव्हा रंगीत दिसतात म्हणून नुसते नर नेणाऱ्या मंडळींनी विचार करावा.

या निवडीमागेही इतिहास आहे. 1920 मध्ये डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी गप्पीच्या नरांची नोंद ठेवली तेव्हा दिसलं की काही ठिपके बापाकडून फक्त मुलालाच जातात. 1922 मध्ये त्यांचेच देशबांधव ओयविंद विंगे यांनी ते वाय गुणसूत्राशी जोडलं. कॉलेजच्या मुलांनो, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणाची जगातली अगदी सुरुवातीची नीट तपासलेली उदाहरणं या माशात सापडली. याच विंगे यांचं नाव 2005 मध्ये व्हेनेझुएलातल्या गप्पीच्या जवळच्या नातेवाइकाला दिलं, पोईसिलिया विंगेई. हा मासा 1937 मध्ये एकदा सापडून विसरला गेला होता. 1975 मध्ये जॉन एंडलर यांना तो पुन्हा मिळाला. हौशी लोक त्याला एंडलर म्हणतात. तो गप्पीशी सहज संकर करतो, त्यामुळे आज बाजारातला किती एंडलर शुद्ध आहे हे त्याच्या वंशाची वही असल्याशिवाय सांगता येत नाही. मासे पाळणाऱ्यांनो, पेटीवर चिठ्ठी लावायची सवय ठेवा: कुठून आणला, कधी आणला, कुणाची पिल्लं.

बादलीत कोण आहे?

आता मूळ प्रश्न. पाण्यात मासे दिसतात, लोक म्हणतात गप्पी सोडलेत. एकदा एका गावच्या ओढ्यावर मी जाळी घातली. वीस-पंचवीस मासे आले. सगळे राखाडी. एकही ठिपक्यांचा नर नाही. ते गॅम्बुशिया होते. ज्यांनी सोडले त्यांना खात्री होती की आपण गप्पीच सोडले.

गप्पीची मादी आणि गॅम्बुशियाची मादी वरवर सारखी दिसते. दोघी राखाडी, दोघींच्या पोटाशी काळा डाग. म्हणून एका माशावरून नाव ठेवू नका. निदान दहा मासे पांढऱ्या वाटीत घ्या, उजेडात बघा. त्यात लहान, रंगीत ठिपक्यांचे नर असतील तर गप्पी. सगळेच नर-माद्या राखाडी असतील, नर सडपातळ पण बिनरंगाचा असेल, तर गॅम्बुशियाचा संशय घ्या. बर्लिन, इटली आणि लंडनच्या विद्वानांपुढे बाटलीतले रंग उडालेले मासे होते, जिवंत पाणी समोर नव्हतं. आपल्यासमोर जिवंत मासा आहे, तरी आपण बघत नाही.

याने काय बिघडतं? गॅम्बुशिया जगातल्या शंभर सर्वांत घातक परकीय जातींच्या यादीत आहे. तो इतर माशांची पिल्लं, बेडकांची पिल्लं खातो, शेपट्या कुरतडतो. गप्पी त्यामानाने सौम्य, पण निर्धोक नाही. 2016 मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात काही पर्यावरण अभ्यासकांनी स्पष्ट इशारा दिला की गप्पीने डास कमी होतात याचा पुरावा समजला जातो त्यापेक्षा कच्चा आहे आणि नैसर्गिक पाण्यात तो सोडण्याचे धोके खरे आहेत.

आणि हा मासा म्हणजे गोळी नव्हे, की पाण्यात टाकली आणि विरघळली. त्रिनिदादच्या ओढ्यांत धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वर नसतात. खाली गप्पीचे नर मंद रंगाचे, वर भडक. एंडलर यांनी 1976 मध्ये खालचे गप्पी वरच्या, शिकारी मासे नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांत नर रंगीत होऊ लागले. पुढे डेव्हिड रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी अशाच स्थलांतरित गप्पींचा अकरा वर्षं मागोवा घेतला आणि त्यांचं प्रौढ होण्याचं वय, पिल्लांची संख्या, आकार सगळं बदललेलं दिसलं. डार्विनने लाखो वर्षांच्या हिशेबात सांगितलेली गोष्ट या माशाने माणसाच्या डोळ्यांदेखत करून दाखवली. म्हणजे आपण पैनगंगेत गप्पी सोडला तर दहा वर्षांनी तिथे असणारा मासा आपण सोडलेला मासा नसेल. तो तिथल्या पाण्याप्रमाणे बदललेला असेल आणि त्याला परत काढता येणार नाही.

आपल्या ओढ्यांत, तळ्यांत अळ्या खाणारे आपले मासेही आहेत. डोक्यावर पांढरा चमकणारा ठिपका असलेला, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा पॅनचॅक्स त्यातला एक. पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपणं हाच त्याचा धंदा. त्याला परदेशातून आणावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हौदात, टाक्यात, पडक्या विहिरीत, जिथून पाणी नदीला जाऊन मिळत नाही, तिथे गप्पी सोडा आणि त्याची नोंद ठेवा. नदीत, धरणात, पाझर तलावात सोडू नका. आणि लोणारला तर नकोच. लोणार सरोवर 2020 पासून रामसर क्षेत्र आहे, अभयारण्य आहे. सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचं आणि वरून पडणाऱ्या धारेच्या गोड्या पाण्याचं जे नातं आहे, ते जगात दुर्मीळ आहे. खारं पाणी सोसणारा मासा तिथे पुण्याचं काम म्हणून सोडला, तर नंतर पश्चात्तापाला जागा राहणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

एक आशाताई: सर, आम्ही मासे सोडतो, पुढच्या महिन्यात जावं तर एकही नसतो. लोक म्हणतात तुमचे मासे खोटे.

ताई, मासे खोटे नाहीत, हौद धुतला जातो. घरच्या बाईने स्वच्छता म्हणून बुच काढलं की मासे मोरीतून गेले. म्हणून सोडताना तिलाच सांगा, बुच काढण्याआधी मासे चाळणीने बादलीत घ्या. आणि आपल्या अहवालात किती मासे सोडले हा एकच रकाना असतो. पुढच्या भेटीत किती हौदांत मासे दिसले, हा दुसरा रकाना वहीत तुम्हीच आखा. तोच आकडा कामाचा आहे.

एक विद्यार्थी: सर, प्रकल्पासाठी काय करू?

तुझ्या गावातल्या दहा पाण्यांतले मासे पांढऱ्या वाटीत घेऊन फोटो काढ. नर-मादी वेगळे, तारीख, जागा, पाणी कसलं ते लिही. रॉबर्ट गप्पी शाळा तपासनीसच होता, प्राध्यापक नव्हता. तुझी वही नीट असेल तर जिल्ह्यात गप्पी कुठवर पोचलाय आणि गॅम्बुशिया कुठे लपलाय, हे तुझ्या वहीतून कळेल.

एक आजोबा: म्हणजे मासे सोडायचे की नाही?

सोडायचे, आजोबा. पण आधी वाटीत बघायचे, मग सोडायचे. आणि हौदाला झाकण बसत असेल तर आधी झाकण. आता पाऊस तोंडावर आहे. घरी गेल्यावर आपापल्या टाक्यात एकदा डोकावून बघा. वळवळणारी अळी दिसली, तर ती आठवडाभरात डास होऊन उडणार आहे.